डिस्कचा थांबलेला हात

मी कवी माणूस, शिक्षण कलाशाखेचे, बी.ए. मी हार्ड डिस्कवर बोलणार म्हटल्यावर माझा भाचा हसला. पण या भानगडीत मला त्यानेच ओढले.

गोष्ट 2003 सालची. अम्मीने जात्यावर म्हटलेल्या ओव्या मी संगणकात उतरवून ठेवल्या होत्या. एकेका ओवीची एकेक छोटी फाईल. अम्मी तेव्हा आजारी होती. एका रात्री ती एका ओवीची पहिली ओळ म्हणाली आणि अडली. "पुढचं काय रे?" मी संगणकापाशी धावलो. नेमका त्याच वेळी भाचा त्याच डिस्कवर एका लग्नाचे चित्रीकरण उतरवत होता. डिस्क नुसती कुरकुरत राहिली. ओवी पडद्यावर आली तेव्हा अम्मी झोपली होती.

मी भाच्यावर चिडलो. तो म्हणाला, "मामू, चूक माझी नाही, कर्नलची आहे." कर्नल म्हणजे लष्करातला नव्हे, संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा गाभा. आमच्याकडे लिनक्सचे 2.4 कर्नल होते.

मग त्याने समजावले. डिस्क जात्यासारखी फिरते, मिनिटाला 7200 फेरे. एका फेऱ्याला आठ मिलिसेकंदांहून थोडे जास्त लागतात. वर एक हात असतो, तो हव्या त्या वर्तुळावर सरकतो आणि हवा तो भाग खाली येईपर्यंत थांबतो. आपल्याला हा क्षणही वाटत नाही, पण तेवढ्यात प्रोसेसर लाखो कामे उरकतो. म्हणून कर्नल मागण्यांची रांग लावते आणि लिफ्ट जशी वाटेतले मजले घेत जाते तशी ती पुरी करते.

इथवर ठीक. पण लिहिणारा आणि वाचणारा यांची जात वेगळी. लिहिणारा मजकूर मेमरीत टाकून मोकळा होतो. कर्नल तो सवडीने, ढिगाने डिस्कवर उतरवते. वाचणाऱ्याला मात्र पहिला तुकडा हाती आल्याशिवाय दुसरा मागताच येत नाही. त्याची एकुलती मागणी लेखनाच्या त्या ढिगामागे उभी राहते. ती पुरी झाली की हात लगेच दूर लेखनाकडे पळतो. इकडे क्षणभराने वाचणाऱ्याची दुसरी मागणी येते, ती नेमकी हात होता तिथेच, शेजारी!

यावर एक उपाय झाला मुदतीचा. वाचनाच्या मागणीला अर्धा सेकंद, लेखनाच्या मागणीला पाच सेकंद. न्याय झाला, पण हाताची धावपळ राहिलीच. मला भावली ती दुसरी युक्ती. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातल्या सीताराम अय्यर आणि पीटर ड्रूशेल यांनी 2001 साली ती मांडली: वाचन पुरे झाले की हात हलवूच नका, थोडे थांबा. निक पिगिन यांनी ती लिनक्समध्ये आणली. थांबायचे किती, तर सहा-सात मिलिसेकंद. तेवढ्यात शेजारची मागणी आली तर दोन खेपा वाचल्या. कोणता प्रोग्राम पुन्हा लवकर मागतो, कोणता मागत नाही, याचा हिशेबही कर्नल ठेवते. उगाच कुणासाठी ताटकळत नाही.

रॉबर्ट लव्ह यांच्या 2004 सालच्या लेखात एक चाचणी आहे. एक मोठी फाईल सतत वाचली जात असताना असंख्य छोट्या फायली वाचायच्या. जुन्या कर्नलला अर्ध्या तासाहून थोडे जास्त लागले, मुदतवाल्या पद्धतीला साडेतीन मिनिटे, थांबणाऱ्या पद्धतीला 15 सेकंद. मुशायऱ्यात शेर म्हणताना कुठे थांबायचे हे मला ठाऊक आहे, पण यंत्रालाही थांबून वेग येतो हे मला नवे होते.

ही पद्धत 2010 साली कर्नलमधून काढली. तिचे काम करणारी दुसरी पद्धत तोवर आली होती. आताच्या एसएसडीला तर फिरणारी तबकडी नाही, हातही नाही.

पण आमच्या घरी 2004 साली भाच्याने नवे 2.6 कर्नल बसवले, ते हेच थांबणारे. मुद्दाम पुन्हा चित्रीकरण उतरवायला लावले आणि मी ओवी शोधली. चहा गार व्हायच्या आत सापडली. अम्मीला वाचून दाखवली. ती डोळे मिटून ऐकत होती.

"हीच," ती म्हणाली. "पण एक शब्द तू चुकीचा लिहून घेतलायस."