विहिरीतला चकाकता दगड



गडचिरोलीहून धानोऱ्यामार्गे मुरुमगावकडे निघालात, की भाताच्या बांध्यांमधून मोठमोठे गोटे डोके वर काढून बसलेले दिसतात. महाराष्ट्राचा जवळजवळ चार पंचमांश भाग साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या काळ्या बेसाल्टखाली झाकला आहे. इथे मात्र पायाखाली ग्रॅनाइट आणि पट्टिताश्म आहेत, तेही 200 कोटी वर्षांहून जुने.

काही वर्षांपूर्वी याच भागातले एक शेतकरी माझ्याकडे आले. विहिरीला सुरुंग लावताना तीस फुटांवर पांढऱ्या-गुलाबी दगडाची शीर लागली होती. त्यांनी दुपट्ट्याची गाठ सोडली. आत तळहाताएवढे अभ्रकाचे पापुद्रे होते आणि बोटाएवढी, उभ्या रेघांची एक काळी कांडी. बाहेरगावचा कुणी माणूस त्यांना सांगून गेला होता, की ही रत्नांची खाण आहे. इसार घ्या आणि कागदावर सही करा. ते म्हणाले, "सर, सांगा जी, वावर द्यावा का नाही?"

ती शीर म्हणजे पेग्मटाइट. ग्रॅनाइटचाच हा मुलगा, पण बापापेक्षा थोराड. जमिनीखाली काही किलोमीटरवर ग्रॅनाइटचा शिलारस थिजू लागतो, तेव्हा फेल्स्पार, क्वॉर्ट्झ आणि अभ्रक यांचे स्फटिक बनतात. सिलिकॉन, ॲल्युमिनियम, सोडियम, पोटॅशियम यांना त्यांत सहज घर मिळते. लिथियम, बेरिलियम, बोरॉन, टँटलम यांना ते फारसे मिळत नाही. कुणाचा आकार बसत नाही, कुणाचा विद्युतभार. मग ती उरलेल्या रसात साचत जातात. गारेगारची कांडी पुरती गोठण्याआधी मोडून पाहा. कडेचा बर्फ फिका असतो आणि मधला रस गडद, गोड. तसेच हे. शिलारसातले पाणीही याच शेवटच्या रसात गोळा होते आणि तो रस आजूबाजूच्या खडकांच्या भेगांत घुसतो.

आता एक कबुली. मी वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो, की शिलारस जितका सावकाश थंड होईल तितके स्फटिक मोठे. ग्रॅनाइट आणि बेसाल्ट शेजारी ठेवले तर हे पटते. पण ग्रॅनाइटचा प्रचंड साठा थंड व्हायला लाखो वर्षे लागूनही त्याचे दाणे बहुधा सेंटिमीटरभराच्या आतबाहेर असतात. आणि मीटरभर रुंदीची शीर त्या मानाने फारच लवकर थंड होऊनही तिच्यात वीतभर स्फटिक सापडतात! अमेरिकेत दक्षिण डकोटातल्या एटा खाणीत तर स्पॉड्यूमीनचा एक स्फटिक चाळीस फुटांहून लांब होता. ओक्लाहोमा विद्यापीठाचे डेव्हिड लंडन यांनी प्रयोगांती दाखवले, की हा रस गोठणबिंदूच्या बराच खाली जाऊनही द्रवच राहतो. स्फटिकांची बीजे थोडीच पडतात, आणि पाणी, बोरॉन, फ्लोरीन यांनी रस पातळ ठेवल्यामुळे त्या थोड्या बीजांकडे अणू भराभर पोचतात. हे वाचल्यावर मी माझी जुनी टिपणे फाडून टाकली. जुन्या विद्यार्थ्यांचे काय, ते विचारू नका.

पण मोठा स्फटिक म्हणजे रत्न नव्हे. दाटीत वाढलेला स्फटिक गढूळ आणि तडकलेला निघतो. स्वच्छ स्फटिकाला बहुधा शिरेतली पोकळी लागते. शिवाय बापाकडे द्यायला काही असावे लागते. मातीच्या जुन्या गाळाचे खडक वितळून झालेल्या ग्रॅनाइटकडे लिथियम, बोरॉन यांची शिल्लक बहुधा जास्त असते. शेजारच्या छत्तीसगडमध्ये दंतेवाडा-सुकमाच्या पेग्मटाइटमध्ये कथिलाचे खनिज आहे. आदिवासी ते ओढ्यानाल्यांच्या गाळातून धुऊन काढत आले आहेत. तिथेच लिथियमयुक्त अभ्रकही मिळते. गरियाबंद जिल्ह्यात देवभोगकडे अलेक्झांड्राइट सापडले आहे. उन्हात हिरवे, दिव्याखाली लालसर दिसणारे हे रत्न. त्याला बेरिलियम लागते आणि क्रोमियमही. पहिले ग्रॅनाइटच्या घरचे, दुसरे काळ्या, जड खडकांच्या घरचे. ही दोन घराणी क्वचितच एका मांडवात येतात.

त्या शेतकऱ्यांची काळी कांडी तोरमल्लीची होती. पण लोहयुक्त, अपारदर्शक; तिला रत्न म्हणून मोल नाही. अभ्रकावर डाग होते. मी म्हणालो, "वावर देऊ नका." त्यांचा चेहरा उतरला. इसाराच्या पैशांतून कर्ज फेडायचे त्यांनी मनात धरले होते, हे मला नंतर कळले. दुपट्ट्याची गाठ पुन्हा बांधून ते निघाले.

पुढच्या उन्हाळ्यात मी तिकडे गेलो तेव्हा विहीर आणखी आठ फूट खाली गेली होती. ग्रॅनाइटच्या अंगात पाणी मुरत नाही, ते चिरांतून वाहते. आणि झरा लागला होता तो नेमका शीर आणि कातळ यांच्या सांध्यात. काळी कांडी त्यांनी घराच्या खिडकीत ठेवली होती. पाण्याचा तांब्या पुढे करत ते म्हणाले, "घ्या सर, शिरेचं पाणी हाय."