टर्बोची हवा आणि करंजीचा घाट

(वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान, थोडं संक्षिप्त करून)



सभागृहात शिरतानाच एका तरुणाने माझ्या हातात चिठ्ठी ठेवली. लिहिलं होतं, "सर, माझी स्विफ्ट डिझेल आहे, मित्राची पेट्रोल. दोघांनाही रिमॅप करायचंय. कोणती जास्त पळेल?" तीस वर्षं मी तंत्रनिकेतनात ऑटोमोबाइल शिकवलं. इतका नेमका प्रश्न वर्गात क्वचितच आला. त्यामुळे टिपणं बाजूला ठेवतो आणि आज याच चिठ्ठीवर बोलतो.

सुरुवात आपल्या नगरपासूनच करू. इथलं रणगाडा संग्रहालय तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलंय, पाहुणे आले की आपण त्यांना तिथे नेतोच. पुढच्या वेळी सेंच्युरियन रणगाड्यापाशी जरा जास्त वेळ थांबा. १९६५ च्या लढाईत असल उत्तरला पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांसमोर उभा राहिला तो हा गडी. याच्या पोटात रोल्स-रॉइसचं मीटिऑर इंजिन आहे. बारा सिलिंडर, २७ लिटर, पेट्रोलवर चालणारं, ताकद सुमारे ६५० हॉर्सपॉवर. आता गंमत बघा. हे मीटिऑर म्हणजे मुळात स्पिटफायर विमानातलं मर्लिन इंजिन. तेच बारा सिलिंडर, तेच २७ लिटर. पण विमानात ते सुरुवातीलाच हजारावर हॉर्सपॉवर देत होतं आणि महायुद्ध संपेपर्यंत दीड हजाराच्या पुढे गेलं होतं. रणगाड्यात बसवताना त्याचा सुपरचार्जर, म्हणजे हवा कोंबणारा पंखा, काढून टाकला आणि त्याला साधं पेट्रोल पाजलं. लोखंड तेच राहिलं, ताकद निम्म्याखाली आली.

ट्यूनिंगचा सगळा विषय या एका उदाहरणात आहे. इंजिनाची ताकद ठरते ती त्याच्या पोटात किती हवा जाते आणि ती हवा तुम्ही किती नीट जाळता यावर. इंधन ओतणं सोपं असतं. अडतं ते हवेपाशी.

आणि हवेशी वागण्याची पेट्रोल आणि डिझेल या दोघांची रीत वेगळी. पेट्रोल इंजिन मोजूनमापून खातं. एक किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा, हे प्रमाण ते सहसा सोडत नाही. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता तेव्हा खरं तर हवेची झडप उघडता, आणि त्या हवेच्या हिशेबाने ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल सोडतो. डिझेलला अशी झडप रोखत नाही. हवा भरपूर आत जाते, जितकी लागते त्याहून जास्तच, आणि पायाखाली असतो तो थेट डिझेलचा हिशेब. म्हणजे डिझेल इंजिनात हवा नेहमी थोडी शिल्लक असते. ही शिल्लकच रिमॅप करणाऱ्याचं भांडवल.

आपल्याकडच्या ट्रॅक्टरवाल्यांना हे कॉम्प्युटर येण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. ऊस वाहणारा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन चढावर दम टाकायला लागला की फिटर स्क्रू फिरवून पंप वाढवून द्यायचा. डिझेल जास्त जायचं, ट्रॅक्टर ओढायचा, आणि मागे काळा धूर सुटायचा. तो धूर म्हणजे शिल्लक हवा संपल्याची पावती. पुढचं डिझेल जळत नव्हतं, काजळी होऊन बाहेर पडत होतं. आजचा रिमॅप हेच काम करतो, फक्त स्क्रू फिरवायच्या ऐवजी ईसीएममधले आकडे बदलून, आणि सोबत टर्बोचा दाबही वाढवून.

म्हणून चिठ्ठीतल्या प्रश्नाचं पहिलं उत्तर सरळ आहे. स्विफ्टमधल्यासारख्या टर्बो डिझेलला नुसत्या रिमॅपने वीस ते तीस टक्के ताकद मिळू शकते. बिनटर्बोच्या पेट्रोलला मिळतील ते जेमतेम तीन ते पाच टक्के. हा त्या पेट्रोल इंजिनाचा कमीपणा नाही. त्याला जास्तीची हवा मिळायची वाटच नाही, मग कॉम्प्युटर देणार तरी कुठून?

पण "जास्त पळेल" म्हणजे काय? इथे आपल्या नाक्यानाक्यावरच्या गप्पांत घोळ होतो. कोणी पीएस, म्हणजे ताकद, सांगतो, कोणी एनएम, म्हणजे ओढ, सांगतो, आणि ज्याचा आकडा मोठा त्याची गाडी मोठी. २०११ ची स्विफ्ट घ्या. डिझेल १२४८ सीसी, ७५ पीएस, १९० एनएम. पेट्रोल बाराशे सीसीच्या आतलं, ८७ पीएस, ११४ एनएम. कोणती ताकदवान?

एक छोटं गणित सांगतो, घरी करून बघा. एनएमला इंजिनाच्या फेऱ्यांनी गुणा आणि ७०२४ ने भागा, पीएस येतात. डिझेल २००० फेऱ्यांवर १९० एनएम देतं, म्हणजे ५४ पीएस. पेट्रोलला त्याच २००० वर त्याचे सगळे ११४ एनएम दिले, प्रत्यक्षात तिथे ते थोडे कमीच असतात, तरी ३२ च्या वर फारसे जात नाहीत. म्हणून करंजी घाटात पुढे ट्रक आला, वेग पडला, तुम्ही तिसऱ्यातच राहिलात आणि वाट मिळताच पाय दाबलात, तर डिझेल उचलते. पेट्रोलवाल्याला गियर पाडावा लागतो. पण त्याने तो पाडला आणि फेऱ्या पाच-सहा हजारांवर नेल्या, तर त्याच्याकडे ८७ पीएस आहेत, आणि डिझेल ७५ वर, चार हजार फेऱ्यांपाशी दमून बसलेलं असतं. डिझेल हळू जळतं, इंजिनाचे भाग जड असतात, त्याला सहा हजारांपर्यंत पळता येत नाही. आणि चाकापर्यंत जे पोहोचतं ते गियरने गुणून पोहोचतं. जास्त फेऱ्या घेणाऱ्या इंजिनाला कंपनी आखूड गियर देते, त्यामुळे कागदावरचा एनएमचा फरक रस्त्यावर बराच कमी होतो. नुसत्या एनएमवरून पैज लावणाऱ्याचं मला पटत नाही, ते यामुळे.

इंजिन तेच आणि ताकद वेगळी, ही गोष्ट एकाच कारखान्यात, आपल्या पुणे रस्त्यावर रांजणगावला, फार सुंदर दिसते. तिथल्या फियाटच्या कारखान्यात स्विफ्टमधलंच हे १.३ मल्टिजेट डिझेल बनायचं, त्याचे दोन अवतार होते. साध्या टर्बोचं ७५-७६ पीएसचं, आणि पाती वळवता येणाऱ्या टर्बोचं ९० च्या पुढचं, २०९ एनएमचं. सीसी तेवढेच. ज्या वाढीसाठी इटलीच्या इंजिनिअरांना टर्बोच बदलावा लागला, ती वाढ गॅरेजमधला रिमॅप जुन्या छोट्या टर्बोतूनच काढतो. काढता येते, यात शंका नाही. पण तो टर्बो मग त्याच्या सीमेवर फिरत असतो, हे डोक्यात ठेवा.

त्याच कारखान्यात १.४ टी-जेट पेट्रोल होतं. लिनियामध्ये ११४ पीएस आणि २०७ एनएम. २०१५ मध्ये तेच इंजिन अबार्थ पुंटोत आलं, १४५ पीएस आणि २१२ एनएम घेऊन. हे आकडे शेजारी मांडून बघा. एनएम वाढले पाच, पीएस वाढले एकतीस! कारण पेट्रोलच्या ट्यूनिंगमध्ये ओढ वाढवण्यापेक्षा ती ओढ वरच्या फेऱ्यांपर्यंत टिकवण्यावर भर असतो. डिझेलच्या ट्यूनिंगमध्ये मधला भाग फुगतो, दोन-अडीच हजार फेऱ्यांपाशी, जिथे आपण रोज गाडी चालवतो. म्हणून रिमॅप केलेली डिझेल गॅरेजच्या फाटकाबाहेर पडताच "काय झालीय गाडी!" असं वाटायला लावते, आणि ट्यून केलेली टर्बो पेट्रोल मोकळा रस्ता मिळेपर्यंत गप्प असते. डिझेलला वेग जमत नाही असं मात्र कोणी समजू नये. २००६ साली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत ऑडीच्या डिझेल गाडीने जिंकली. त्या शर्यतीत डिझेलचा तो पहिलाच विजय.

आता नगरच्या हवेकडे येऊ. आपण समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरवर राहतो. इथे हवा थोडी विरळ, आणि मे महिन्यात पारा चाळिशीवर गेला की आणखी विरळ. बिनटर्बोचं पेट्रोल इंजिन ही तूट सोसतं. माझ्या हिशेबाने मे महिन्याच्या दुपारी आपल्याकडे त्याची सुमारे दहा टक्के ताकद कागदावरच राहते. टर्बोवाली गाडी हवा कोंबून बरीचशी तूट भरून काढते. मात्र टर्बो पेट्रोलला उन्हाळ्यात वेगळं दुखणं असतं. तापलेली हवा दाबली की ठिणगीची ज्योत पोहोचायच्या आधीच उरलेलं पेट्रोल आपोआप पेट घेऊ पाहतं. यालाच नॉकिंग म्हणतात. ईसीएम ते ओळखून ठिणगी मागे ओढतो आणि ताकद कमी करतो. रिमॅप थंड सकाळी केलेला असेल, तर दुपारी तीच गाडी वेगळी लागते.

आणि नॉकिंगला रोखणारी एक वस्तू याच जिल्ह्याच्या शेतात उगवते. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास उभा राहिला, तेव्हा तो उभारणाऱ्या विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्यासमोर साखर होती. आज जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या आसवन्यांतून इथेनॉल निघतं आणि पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत मिसळतं. इथेनॉलचा ऑक्टेन पेट्रोलहून वरचा, आणि बाष्प होताना ते आतली हवा गारही करतं. इथेनॉल चालेल असं इंजिन आणि त्यासाठी बसवलेला मॅप असेल, तर टर्बो पेट्रोलला ते मानवतं. पण लिटरमागे त्यात उष्णता पेट्रोलच्या दोन तृतीयांश असते, म्हणून वीस टक्के मिश्रणात उष्णता सहा-सात टक्क्यांनी घटते. तुमचं ॲव्हरेज का पडलं याचं निदान एक कारण हे. जुन्या, कार्ब्युरेटरच्या काळातल्या गाड्यांच्या रबरी नळ्यांना ते सोसत नाही, तो स्वतंत्र विषय.

आता एक अनुभव सांगतो. घरातल्याच एका मुलाने त्याची १.३ डिझेल रिमॅप केली. कोणाकडून केली ते महत्त्वाचं नाही. मी मागे लागून त्याच्याबरोबर करंजी घाटात गेलो, हातात गाडीच्या ओबीडी सॉकेटला जोडलेला फोन. पहिले दोन चढ खरंच छान. तिसऱ्यात १८०० फेऱ्यांपासून गाडी अशी उचलायची की पाठ सीटला टेकायची. मग चौथ्या गियरमध्ये त्याने पूर्ण पाय दाबला. फोनवर फेऱ्या २२०० वरून एकदम २९०० झाल्या. स्पीडोमीटरचा काटा जिथल्या तिथे. तो खुशीत म्हणाला, "बघा काका, कशी फिरतेय!" मी म्हटलं, "इंजिन फिरतंय रे, गाडी नाही." क्लच प्लेट सरकत होती. १९० एनएमसाठी केलेली प्लेट, अर्धं आयुष्य झालेली, तिच्यावर नवा भार आला होता. वळणावर गाडी थांबवली. खाली उतरल्यावर तो जळका वास, ज्याने एकदा घेतलाय त्याला विसरत नाही. मागे जाऊन बघितलं तर सायलेन्सरखालच्या मातीवर काळा पट्टा उमटलेला.

त्या काळ्या पट्ट्याबद्दल मला कळकळीने बोलायचंय. रिमॅपच्या नावाखाली प्रदूषण कमी करणारी ईजीआर यंत्रणा बंद करणं, काजळी अडवणारा डीपीएफ कापून काढणं, हे सर्रास चालतं. कृपा करून करू नका. ती काजळी गाडीच्या मागे दुचाकीवर बसलेल्या लेकराच्या छातीत जाते. आपल्या गावाजवळच व्हीआरडीई आहे, जिथे वाहनांची चाचणी होऊन प्रमाणपत्र मिळतं. ते प्रमाणपत्र कंपनीने दिलेल्या इंजिनाचं असतं, तुमच्या मॅपचं नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेले वाहनाचे तपशील बदलतील असे फेरफार करता येत नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनीही हा मुद्दा काढू शकते. आणि संगणकाने धूर लपवणं मोठ्यांनाही भोवलेलं आहे. फोक्सवॅगनचं प्रकरण २०१५ साली अमेरिकेत बाहेर आलं. एप्रिल २०२० ला बीएस-६ ही प्रदूषणाची मानकं आल्यावर छोट्या डिझेल गाड्या आपल्या बाजारातून जवळजवळ गेल्याच, कारण त्या स्वच्छ करण्याचा खर्च त्यांच्या किमतीत बसेना. तुमची जुनी डिझेल म्हणूनच जपायची गोष्ट आहे, बाबांनो.

आता त्या चिठ्ठीवाल्या मुला, तू कुठे बसलायस? हां, मागे. दोन गोष्टी सांगतो. मित्राला सांग, त्याच्या पेट्रोलचा रिमॅप करू नको. ते पैसे चांगले टायर, नवे प्लग आणि एअर फिल्टर यात घाल, गाडी जास्त सुधारेल. तुझ्या डिझेलला हात लावायचाच असेल, तर आधी अधिकृत परवानगीचं बघ. मग क्लच तपास, इंटरकूलरच्या नळ्या तपास, टर्बोतून तेल झिरपतंय का बघ, आणि वाढ पंधरा टक्क्यांपुढे नेऊ नको.

आणि तुलना करायचीच असेल तर नाक्यावरून सुटायची शर्यत लावू नका. रहदारी नसलेल्या पहाटे, एकच सपाट टप्पा निवडा. दोन्ही गाड्यांत अर्धी टाकी, दोनच माणसं. तिसऱ्या गियरमध्ये ४० वरून ८० ला जायला किती सेकंद लागतात ते शेजारच्याने मोजायचं. चालवणाऱ्याने फक्त रस्ता बघायचा. जाताना आणि येताना, तीन-तीन वेळा, म्हणजे वाऱ्याचा फरक निघून जातो. मग हेच पाचव्या गियरमध्ये. तिसऱ्याचे आणि पाचव्याचे आकडे दोघांचे वेगळे येतील, ते वहीत लिही. मी रोज संध्याकाळी साडेपाचला घरीच असतो. वही घेऊन ये, चहा ठेवतो, आपण गणित मांडू.