दाताच्या मुळाशी साचलेला पू

दाताचा ठणका एकाएकी थांबला की मनुष्य निश्चिंत होतो. परंतु तेव्हा आतील दंतमज्जा मृत झालेली असू शकते. मग जंतू मुळाच्या टोकाशी उतरतात व तेथे पू साचतो. अशा दातावर ठोकल्यास कळ येते, थंडावा मात्र जाणवत नाही. क्ष-किरणचित्रातील काळी छाया आरंभी दिसेलच असे नाही. पुवास वाट करून देऊन मुळाची नलिका स्वच्छ करून भरणे, अथवा दात काढणे, हाच खरा उपचार. केवळ गोळ्यांनी कारण जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या रोगवर्गीकरणात पुवास बाहेर वाट फुटली असल्यास ‘के ०४.६’, नसल्यास ‘के ०४.७’ हा संकेतांक आहे. कोंडलेला पू गळ्याकडे पसरल्यास श्वासही अडू शकतो. म्हणून ठणका थांबणे हे बरे होण्याचे चिन्ह मानू नये.