उष्णमानाची शेंकडेवारी

हिंवाळ्यांत पहांटे हुडहुडी भरावी आणि दुपारीं त्याच अंगणांत उन्हाचा चटका बसावा, हा भोर-वेल्ह्याच्या डोंगराळ मुलखांतील नेहमींचा अनुभव आहे. उदाहरणादाखल पहांटेचें उष्णमान 10 अंश सेल्सिअस व दुपारचें 30 अंश धरलें, तर तें शेंकडा किती वाढलें? शाळेंतला विद्यार्थी 20 अंशांच्या वाढीस मूळच्या 10 नें भागील, शंभरानें गुणील आणि ‘शेंकडा 200’ हें उत्तर आत्मविश्वासानें मांडील. गणितांत चूक नाहीं. तरीहि उत्तर निरर्थक आहे.

तींच उष्णमानें फॅरनहाइटच्या मापानें वाचलीं, तर पहांटे 50 व दुपारीं 86 अंश भरतात. वाढ शेंकडा 72! अंगण तेंच, ऊन तेंच. मग खरें उत्तर कोणतें? सेल्सिअस या स्वीडिश शास्त्रज्ञानें 1742 सालीं सुचविलेल्या मूळ मापांत तर पाणी उकळण्याचा बिंदु 0 आणि गोठण्याचा बिंदु 100 होता. त्या मापानें पहांटे 90 व दुपारीं 70 अंश होतील. म्हणजे ऊन तापलें असतां आंकडा मात्र शेंकडा 22 नें उतरेल!

हा दोष शून्याचा आहे. तोरणा समुद्रसपाटीपासून 1403 मीटर उंच आहे; पायथ्याचें वेल्हें ढोबळ मानानें 700 मीटरवर धरलें, तर गड गांवाच्या दुप्पट उंचीवर ठरतो. परंतु उंची वेल्ह्यापासूनच मोजूं लागल्यास ही ‘दुप्पट’ तत्काळ नाहींशी होते. चढण मात्र तेवढीच राहते. शून्य हलविलें तरी अंतर बदलत नाहीं; पट बदलते.

भोरजवळच्या भाटघर धरणाची गोष्ट निराळी. त्यांतील सांठा 10 अब्ज घनफुटांवरून 15 अब्ज घनफूट झाला, तर वाढ शेंकडा 50. लिटरांत मोजली तरीहि तितकीच. कारण तेथें शून्य म्हणजे खरोखरच पाणी नसणें.

उष्णमानालाहि असें खरें शून्य आहे. 1848 सालीं विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढें लॉर्ड केल्व्हिन, यांनीं निरपेक्ष मापाची कल्पना मांडली. त्याचें शून्य सेल्सिअसच्या शून्याखालीं 273.15 अंशांवर येतें. या मापानें पहांटेचा आंकडा 283.15 व दुपारचा 303.15, वाढ केवळ शेंकडा 7. या उत्तराला निसर्गाची साक्ष आहे: घट्ट बंद केलेल्या भांड्यांतील हवेचा दाब पहांटेपासून दुपारपर्यंत जवळजवळ शेंकडा 7 नेंच वाढतो.

मग व्यवहारांत काय करावें? अंशांतील फरक सांगावा. मुलाचा ताप 37 वरून 40 अंशांवर गेला, तर ती वाढ सेल्सिअसनें शेंकडा 8, फॅरनहाइटनें साडेपांच आणि निरपेक्ष मापानें एकाहूनहि कमी. या तीन आंकड्यांपैकीं एकहि डॉक्टरांच्या कामाचा नाहीं. ताप तीन अंशांनीं चढला, एवढें त्यांना पुरतें. 2015 च्या पॅरिस करारांतहि पृथ्वीच्या तापण्याची मर्यादा दीड व दोन अंश अशीच घातली आहे, शेंकडेवारीनें नव्हे. ‘उष्णमान इतके टक्के वाढलें’ असें वृत्त वाचनांत आल्यास सुज्ञ वाचकानें प्रथम एकच प्रश्न विचारावा: शून्य कोठें धरलें होतें?