विसरलेल्या बळाची आठवण

(विसरवाडी, ता. नवापूर, जि. नंदुरबार येथे युवक-युवतींसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



रामायणातील किष्किंधाकांडाच्या अखेरीस एक विलक्षण प्रसंग आहे. वानरसेना समुद्रतीरी हताश होऊन बसली आहे. समोर शंभर योजने पाणी पसरलेले. कोण किती योजने उडी मारू शकेल, याचा हिशेब सुरू होतो. कुणी दहा सांगतो, कुणी वीस. अंगद शंभर योजने जाण्याची तयारी दाखवतो, पण परत येण्याची खात्री त्याला देता येत नाही. आणि ज्याला हे कार्य सहज शक्य आहे, तो हनुमंत मात्र एका बाजूला मुकाट्याने बसलेला आहे. त्याचे बळ कुठेही गेलेले नाही. त्याला केवळ त्याचे विस्मरण झाले आहे. वृद्ध जांबवान त्याच्याजवळ जातो आणि त्याला त्याच्या सामर्थ्याची आठवण करून देतो.

या कथेचा एवढाच भाग सर्वांना ठाऊक असतो. पण आठवण होताच हनुमंत लंकेत पोहोचला, असे वाल्मीकींनी लिहिलेले नाही. तो आधी महेंद्र पर्वतावर चढला, पाय रोवले, अंग आवळले, श्वास कोंडला आणि मग झेप घेतली. आठवणीनंतर सिद्धता, आणि सिद्धतेनंतर उड्डाण. नावाची व्युत्पत्ती काहीही असो, ज्या गावाच्या नावातच 'विसर' हा शब्द आहे, त्या गावातील तरुणांपुढे ही कथा सांगणे औचित्याचे ठरेल.

आधी मैदान सुटते

धुळे-सुरत महामार्गावरचे हे गाव. एका बाजूला कोंडाईबारीचा घाट, दुसऱ्या बाजूला नवापूर आणि पुढे गुजरात. या परिसरातील मागच्या पिढ्यांना व्यायाम हा शब्द ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. डोक्यावर भार घेऊन बाजाराला चालत येणे, डोंगरउतारावर नांगर धरणे, रानातून मोळी आणणे हाच त्यांचा व्यायाम होता. आज घरोघरी मोटारसायकल आली, हातोहाती मोबाइल आला. त्यात वाईट काही नाही. मात्र शरीराचे जे काम दैनंदिन जीवनातून वजा झाले, त्याची भरपाई कुणी केली नाही.

एखाद्या तरुणाचे उदाहरण डोळ्यांसमोर आणावे. शाळेत कबड्डी गाजवलेला हा मुलगा पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावू लागतो. मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावणे, त्याशिवाय १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. थोड्या गुणांनी संधी हुकते. मग तो सुरतेला कामाला जातो. बारा-बारा तासांची पाळी, अवेळी जेवण, तंबाखू, अपुरी झोप. तीन-चार वर्षांनी परततो तेव्हा पोट सुटलेले असते किंवा उलट अंग खंगलेले असते. जुने मित्र मैदानावर बोलावतात आणि तो काही तरी निमित्त सांगतो.

असे होते तेव्हा आधी मैदान सुटते, मग आरसा नकोसा होतो आणि शेवटी माणसे टाळावीशी वाटतात. वय असते पंचवीस आणि मनाने तो स्वतःला निवृत्त करून टाकतो. वजनापेक्षा ही निवृत्ती अधिक घातक आहे.

वर्ष गमावणारा विद्यार्थी

अशा तरुणाने एका विद्यार्थ्याचे चरित्र अवश्य वाचावे. दहाव्या वर्षी त्याची आई गेली. १८७२ साली, मॅट्रिकच्या उंबरठ्यावर असताना, वडीलही गेले. वयाच्या सोळाव्या वर्षी तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाला, तेव्हा बुद्धी तल्लख पण प्रकृती तोळामासा होती. या मुलाने एक निर्णय घेतला. कॉलेजातले पहिले वर्ष शरीर कमावण्यासाठी द्यायचे. कुस्ती, पोहणे, नौकानयन यांत त्याने स्वतःला झोकून दिले. परिणाम अपेक्षित तोच झाला. वर्षअखेरच्या परीक्षेत तो अनुत्तीर्ण झाला.

हा विद्यार्थी म्हणजे बाळ गंगाधर टिळक. पुढे ते प्रथम श्रेणीत बी. ए. झाले, १८७९ साली एलएल. बी. झाले. गमावलेल्या वर्षाची खंत त्यांनी केली नाही. त्या वर्षाचे व्याज त्यांना आयुष्यभर मिळत राहिले. १८९७ चा कारावास प्रकृतीला जबर हादरा देणारा होता, पण सुटकेनंतर ते पुन्हा उभे राहिले. १९०८ साली, बावन्नाव्या वर्षी, मधुमेह असताना त्यांना मंडालेला नेण्यात आले. तिथली सहा वर्षे त्यांनी काढली आणि 'गीतारहस्य' तिथेच लिहिले. त्यामागे बुद्धीचे तेज होतेच, पण डेक्कन कॉलेजात कमावलेला देहही होता.

नापास होण्याचे अनुकरण करावे, असा याचा अर्थ नव्हे. शरीरासाठी वेळ द्यायचा तर कुठून तरी तो काढावा लागतो, त्याची किंमत मोजावी लागते आणि ती जाणूनबुजून मोजावी, हा त्याचा अर्थ आहे. आजच्या तरुणाला वर्ष गमावण्याची आवश्यकता नाही. मोबाइलवरचा एक तास गमावला तरी पुरेसे आहे.

आपल्या शक्तीप्रमाणे

संकल्प करणारे पुष्कळ असतात आणि आठव्या दिवशी गुडघा धरून बसणारेही पुष्कळ असतात. कारण जुन्या शरीराची आठवण ठेवून ते नव्या शरीराकडून काम मागतात. कालिदासाच्या 'कुमारसंभवा'त पार्वती घोर तप करीत असते. ब्रह्मचाऱ्याच्या वेषात आलेले शिव तिला विचारतात, हे तप तू आपल्या शक्तीला झेपेल एवढेच करतेस ना? शरीर हे धर्माचे पहिले साधन आहे, हे प्रसिद्ध वचन याच प्रश्नाला जोडून येते. वचन सर्वांना पाठ आहे, प्रश्न मात्र विसरला गेला आहे.

म्हणून आरंभ चालण्यापासून करावा. पहिले दोन आठवडे रोज अर्धा तास भरभर चालावे, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. नंतर चालण्यात मिनिट-मिनिट धावणे मिसळावे. सोबत सूर्यनमस्कार तीन-चारांपासून सुरू करून सावकाश बारापर्यंत न्यावेत. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तरुणपणी दंड-बैठका केल्या, पुढे सँडो या युरोपीय मल्लाची उपकरणे वापरली आणि चाळिशीच्या सुमारास सूर्यनमस्कारांवर स्थिर झाले. त्यांनी आपल्या संस्थानातील शाळांतही ते सुरू केले. या व्यायामाला यंत्र नको, फी नको, जागा सतरंजीएवढी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी सांगितलेले प्रमाणही अवाच्या सवा नाही. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम.

आरशावर मात्र फार विसंबू नये. पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते, ती मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंचा उपयोग अधिक चांगला करू लागते म्हणून. दंड भरलेले दिसायला त्याहून बराच काळ लागतो. पंधरवड्यात काही दिसले नाही म्हणून व्यायाम सोडणारा माणूस नेमका बदल सुरू झालेला असतानाच मैदान सोडतो. म्हणून वहीत आकडे लिहावेत. आज किती चाललो, किती नमस्कार झाले, कमरेचा घेर किती. भारतीय पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटर यांच्या आत असावा, असे वैद्यकीय तज्ज्ञ सांगतात.

थकवा म्हणजे आळस नव्हे

नंदुरबार जिल्ह्यात एक गोष्ट विशेष आग्रहाने सांगणे आवश्यक आहे. येथील जनजाती समाजात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष बराच आढळतो. या विकारात तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. प्राणवायू किंवा पाणी कमी पडले की त्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. अनेक घरांत अशा मुलाला आळशी ठरवले जाते. तो आळशी नसतो, आजारी असतो.

म्हणून कठोर व्यायामाला लागण्यापूर्वी शासकीय रुग्णालयात रक्ताची तपासणी करून घ्यावी. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी व्यक्तींची तपासणी करण्याचे उद्दिष्ट त्यात ठेवण्यात आले होते. केवळ वाहक असलेल्या व्यक्तीने व्यायाम टाळण्याचे कारण नाही. मात्र तिने भर उन्हात, पाणी न पिता, एकदम जिवाच्या आकांताने धावू नये. प्रत्यक्ष रुग्णाने डॉक्टरांच्या सल्ल्यानेच श्रम ठरवावेत. तपासणीत लाज नाही. युद्धाला निघण्यापूर्वी शस्त्र पारखून घेण्यासारखेच ते आहे.

भगिनींच्या बाबतीत रक्तक्षयाचाही विचार हवा. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. जिना चढताना दम लागणाऱ्या सुनेला 'आजकालच्या मुलींत जीव नाही' असे ऐकवण्यापूर्वी घरच्यांनी तिचे हिमोग्लोबिन तपासून आणावे.

आहाराचे उत्तरही दूर शोधायला नको. नागलीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तांदळात ते १० च्या आसपास. नागली-ज्वारीची भाकर, तूर-उडदाची डाळ, रानातल्या पालेभाज्या, शेंगदाणे, चालत असेल त्याला अंडी-मासळी, एवढे ताट पुरेसे आहे. गेल्या पिढीने जे अन्न गरिबीचे म्हणून सोडले, त्याच धान्यांसाठी जगाने २०२३ हे वर्ष साजरे केले. आणि या ताटासोबत दारू-तंबाखू चालणार नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

आत्मविश्वास कुठून येतो?

आत्मविश्वास भाषणाने येत नाही, या भाषणानेही येणार नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ साली या विषयाची मूलभूत मांडणी केली. 'हे मला जमेल' या विश्वासाचा सर्वांत भक्कम आधार म्हणजे स्वतः पार पाडलेले काम. त्यानंतर आपल्यासारख्याच दुसऱ्याला जमलेले पाहणे, आणि मग इतरांचे प्रोत्साहन. पहाटे पाच वाजता उठेन असे स्वतःला सांगून जो खरोखर उठतो, त्याने त्या दिवशी स्वतःला दिलेला शब्द पाळलेला असतो. असे शंभर शब्द पाळले की त्याचाच आत्मविश्वास होतो. भरतीत निवड होवो न होवो, ही कमाई कुणी काढून घेऊ शकत नाही.

आपल्यासारख्याला जमलेले पाहायचे असेल, तर नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांच्याकडे पाहावे. जनजाती समाजातील या धावपटूने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. त्यांचा पाडाही सह्याद्रीच्या कुशीतलाच.

उरला समाजाचा भाग. जांबवान वयोवृद्ध होता, स्वतः उडी मारण्याचे त्याचे दिवस सरले होते. पण कुणाला आठवण करून द्यायची, हे त्याला ठाऊक होते. गावातील ज्येष्ठांनी एवढेच करावे. सुटलेल्या शरीराची थट्टा करू नये. शाळेचे मैदान पहाटे तासभर उघडे राहील असे पाहावे. मुलींना निर्धास्तपणे धावता येईल यासाठी चार आया-बहिणींनी त्या वेळी तिथे फेरी मारावी. आणि जो तरुण महिनाभर दिसला नाही, त्याच्या दारात जाऊन त्याला हाक मारावी.

तरुणांनी उद्याची वाट पाहू नये, मोठा संकल्पही करू नये. पहाटे उठून गावच्या शिवेपर्यंत चालत जावे आणि परत यावे. परवा पुन्हा तेच करावे. हळूहळू शीव पुढे सरकेल.