दुसरं व्हायोलिन

आज कर्जाचं, हप्त्यांचं, रजिस्टरचं काही बोलणार नाही. मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत माझ्या मोबाईलमधला एक जुना फोटो ताईंच्या हाती लागला. चार जण अर्धगोलात खुर्च्यांवर बसलेत, हातात व्हायोलिन घेऊन. "अगो बाय, ही तू?" झालं, सगळ्याजणी मागे लागल्या. तेव्हा रेडिओवर सांगेन म्हणाले होते, ते आज सांगते.

माझं शिक्षण मामाकडे, म्हापशाला झालं. गोव्यात व्हायोलिनचं कुणाला नवल नाही. पोर्तुगीज काळापासून तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना सूर वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. त्यातूनच कितीतरी गोवेकर मुंबईच्या सिनेमासंगीतात गेले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यातलेच, संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे शिकले. मामाच्या शेजारी एक सर शिकवायचे, त्यांच्याकडे मी सातवीपासून जायची. व्हायोलिनही त्यांचंच, वापरायला दिलेलं. आई म्हणायची, वाजवून पोट भरतं का? नाही भरत. तरी शिकले.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना सरांनी आम्हा चौघांना एकत्र बसवलं. दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण, जरा मोठी, जाड आवाजाची. चेलो त्याहून बरंच मोठं, खुर्चीवर बसून गुडघ्यांमध्ये धरून वाजवतात. या चौघांच्या संगीताला स्ट्रिंग क्वार्टेट म्हणतात. अशा लहान मेळाच्या सगळ्या प्रकाराचं नाव चेंबर म्युझिक, म्हणजे खोलीत बसून वाजवायचं संगीत. मोठ्या वाद्यवृंदात पुढे एक माणूस काठी घेऊन उभा असतो. इथे तो नाही. आणि प्रत्येकाची ओळ वेगळी, ती वाजवणारं दुसरं कुणी नाही. भजनात दहा टाळकरी असतात, एकाचा टाळ चुकला तर खपून जातो. इथे नाही खपत.

सरांनी दिली होती मोझार्टची १७८७ सालची एक रचना, 'आइन क्लाइन नाख्टम्युझिक'. पहिल्या तालमीला प्रत्येकजण आपापली ओळ घोटून आला होता. वाटलं, झालं काम. पण सुरुवातच जमेना. तो तुकडा चौघांनी मिळून एकच सूर जोरात वाजवून सुरू होतो, आणि आमचे चार सूर चार वेळेला पडत होते, दारावर चार पाहुणे एकापाठोपाठ आल्यासारखे. मोजून बघितलं, मानेने खूण करून बघितली. मग सर म्हणाले, श्वास घ्या. पहिल्या व्हायोलिनने नाकातून ऐकू येईल असा श्वास घ्यायचा, तोही पुढे ज्या लयीत वाजवायचं त्याच लयीत. बाकीच्यांनी तो तिच्याबरोबरच घ्यायचा. फुगडीला हात धरून पहिला झोका घेताना आपण कुठे एक-दोन-तीन म्हणतो? तसंच ते. दोन तालमी आम्ही नुसता श्वास आणि पहिला सूर केला, बाकी काही नाही.

मी दुसऱ्या व्हायोलिनवर होते. पहिलीवर पणजीची एक मुलगी. तिचं व्हायोलिन स्वतःचं, इंग्रजी फाडफाड, हातही माझ्यापेक्षा हलका. चाल बहुतेक वेळा तिच्याकडे, आणि मी खाली तेच तेच सूर भराभर घासत बसायची. मला त्याची लाज वाटायची. घरी कुणाला वाजवून दाखवलं तर काही कळतच नाही, नुसती घरघर.

या रचनेच्या दुसऱ्या, संथ भागात मधे एक उदास तुकडा आहे. पहिलं व्हायोलिन आणि चेलो एकमेकांना प्रश्न-उत्तर करतात आणि मधे दुसऱ्या व्हायोलिनचे बारीक सूर सतत धावत असतात. तिथे आम्ही दर वेळी पळायचो. पहिली पुढे जायची, चेलो तिला गाठायला जायचा, मी दोघांच्या मागे फरफटत. मला ते पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. पण बोलले नाही. मी कोण तिला सांगणार?

पहिला कार्यक्रम एका छोट्या सभागृहात, बहुतेक विद्यार्थ्यांचे आईवडीलच. त्याच जागी आमचं सुटलं. असं सुटलं, की चौघंही थांबलो. परत तो भाग पहिल्यापासून सुरू केला. माझा मामा पहिल्या रांगेत होता.

पुढच्या तालमीला सरांनी विचारलं, "इथे पळतंय हे कुणाला माहीत होतं?" मी हात वर केला. "मग बोलली का नाहीस? तू गप्प राहिलीस म्हणून चौघांचं मोडलं." मला राग आला. आजही वाटतं, सगळा दोष माझा नव्हता, पळत होती ती. पण अर्धा होता.

मग त्यांनी पहिलीला व्हायोलिन मांडीवर ठेवायला लावलं, आज नुसतं ऐक म्हणाले. माझ्याकडून आणि व्हायोलाकडून तो तुकडा वाजवून घेतला, अगदी हळू, निम्म्या लयीत. मग त्यात चेलो आला, आणि ती सगळ्यांत शेवटी. तिला पहिल्यांदाच कळलं, की तिच्या चालीखाली काय चाललंय. मलाही तेव्हाच कळलं. लय माझ्याच हातात होती. ती आणि चेलो दोघांनी धरायचा दोर म्हणजे माझी ती घरघर.

त्या दिवसापासून नियम झाला. कुणीही काही सुचवलं की त्यावर तोंडाने वाद नाही, आधी तसं एकदा वाजवायचं, मग ठरवायचं. खूप भांडणं यात वाचली. कधी कधी आपलंच म्हणणं वाजवल्यावर वाईट लागायचं, मग निमूट पेन्सिलने खोडायचं.

झुबिन मेहतांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यांचे वडील मेहली मेहता. त्यांनी १९३५ साली मुंबईत बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. तेच पुढे अमेरिकेत कर्टिस क्वार्टेटमध्ये दुसऱ्या व्हायोलिनवर बसायचे. हे मला फार नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तर लाज जरा कमी वाटली असती.

दुसरा कार्यक्रम डिसेंबरात झाला. तोच उदास तुकडा आला, आणि पहिली एक बार आधी शिरली. बार म्हणजे आपलं एक आवर्तन म्हणा. चेलोवाला गोंधळला, कुणाला धरू? माझ्या पोटात गोळा. पण हात थांबवला नाही, गज जरा जास्त दाबला, सूर ठळक केले. व्हायोलावाल्याने माझ्याकडे बघितलं आणि मला धरलं. मग चेलो आला. दोन बार ती गप्प राहिली, मग नीट जागेवर शिरली. मामा नंतर म्हणाला, मधे ती थोडी थांबली ते छान वाटलं!

बाहेर चहा घेताना ती माझ्याजवळ आली. "तिथे मी चुकले ना?"

"हो," मी म्हटलं. "एक बार आधी आलीस."

असं तिला तोंडावर मी पहिल्यांदाच सांगितलं. ती म्हणाली, उद्या तिथूनच सुरू करू.

तिसऱ्या वर्षानंतर आम्ही पांगलो. चेलोवाला आखातात गेला, माझं लग्न झालं, व्हायोलिन सरांना परत केलं. राहिला तो फोटो. ताईंनी विचारलं होतं, यात तू कुठली? डावीकडून दुसरी.