थंड वाळवंटातील ऊब : लडाखच्या घरांचा धडा

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



महाराष्ट्रात कडाक्याची थंडी ही पाहुणी म्हणून येते. निफाडकडे पारा घसरला की वृत्तपत्रांत बातमी झळकते, गावोगावी शेकोट्या पेटतात आणि संक्रांत उलटली की ही पाहुणी परतीची वाट धरते. घर उबदार राखण्याचा खर्च हा आपल्या कुटुंबांच्या जमाखर्चातील स्वतंत्र रकाना नव्हे. परंतु याच भारतात असा एक प्रदेश आहे की जेथे वर्षातील जवळजवळ सहा महिने धान्याइतकीच जळणाची चिंता कुटुंबप्रमुखाला वाहावी लागते. तो प्रदेश म्हणजे लडाख.

लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर वसलेले आहे. हिवाळ्यातील रात्री तेथील तापमान उणे १५ ते उणे २० अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. द्रास आणि चांगथांगच्या पठारावर त्याहूनही खाली जाते. वर्षाकाठी पाऊस व बर्फ मिळून जेमतेम १०० मिलिमीटर. अर्थातच जंगल नाही, आणि जंगल नाही म्हणून लाकूडही नाही. नदीकाठी लावलेले वाळुंज आणि पॉप्लर हेच काय ते वृक्षधन. अशा ठिकाणी माणसाने ऊब आणावी कोठून?

जुन्या घराचे शहाणपण

या प्रश्नाचे उत्तर लडाखी शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घराच्या रचनेतून दिले. दगड आणि उन्हात वाळविलेल्या मातीच्या विटा यांच्या जाड भिंती, पॉप्लरची वासे-तुळई, त्यावर वाळुंजाच्या काटक्या आणि वर मातीचा थर असे हे घर. खालच्या मजल्यावर गुरे बांधावयाची. त्यांच्या अंगची ऊब वरच्या मजल्याला मिळते. धाब्यावर चारा आणि शेणाच्या गोवऱ्या रचावयाच्या. त्यामुळे छतालाही पांघरूण लाभते. हिवाळा लागला की कुटुंबाने इतर खोल्या सोडून स्वयंपाकघरात एकत्र यावयाचे. एकाच चुलीवर स्वयंपाक आणि शेक ही दोन्ही कामे भागवावयाची.

या व्यवस्थेत पैसा फारसा खर्च होत नसे. मात्र श्रम अपार होते. शेण गोळा करणे, डोंगरउतारावरील झुडपे खणून आणणे, हे बव्हंशी स्त्रिया आणि मुले यांचे काम. शिवाय धुराची किंमत फुप्फुसांना मोजावी लागे. लडाखच्या खेड्यांतील घरगुती धूर आणि श्वसनविकार यांचा संबंध दाखविणारे वैद्यकीय अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाले. जुने ते सर्वच सोने होते, असे म्हणण्याचे म्हणूनच कारण नाही.

रस्ता आला, रॉकेल आले

१९६२ च्या युद्धानंतर लडाखचे सामरिक महत्त्व वाढले, रस्ते झाले; १९७४ मध्ये हा प्रदेश पर्यटकांना खुला झाला. रस्त्याबरोबर सिमेंट आले, पत्रे आले, रॉकेल आणि कोळसा आला. सवलतीच्या दरातील रॉकेलने अनेक घरांना दिलासा दिला. परंतु घर बांधण्याची रीत बदलली तसा उबेचा हिशेबही बदलला. सिमेंटच्या ठोकळ्यांची पातळ भिंत दिसावयास नीटनेटकी असते, पण ती उष्णता मातीच्या जाड भिंतीपेक्षा फार लवकर बाहेर जाऊ देते. गोठा घरापासून वेगळा झाला. खोल्या वाढल्या, तशा बुखाऱ्याही वाढल्या. बुखारी म्हणजे धुराडे जोडलेली पत्र्याची शेगडी. ती पेटती असेपर्यंत खोली गरम, आणि विझली की तासाभरात पुन्हा गार.

जळणाचा साठा थंडीपूर्वीच करावा लागे, कारण जोझिला घाट बर्फाने बंद झाला की श्रीनगरकडील वाहतूक थांबे. पूर्वी हा घाट पाच-सहा महिने बंद असे. सीमा सडक संघटनेच्या प्रयत्नांनी अलीकडच्या वर्षांत हा काळ काही आठवड्यांवर आला आहे. तरीही प्रत्येक डबा आणि प्रत्येक सिलिंडर शेकडो किलोमीटरचा घाटरस्ता चढून येतो, आणि त्या प्रवासाचा खर्च कोणाला ना कोणाला सोसावाच लागतो : कधी कुटुंबाला, तर कधी सवलतीच्या रूपाने शासनाला.

वीज आली आहे, हेही खरे. निमू-बाझगो येथील ४५ मेगावॉटचा आणि चुटक येथील ४४ मेगावॉटचा असे दोन जलविद्युत प्रकल्प २०१४ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले. २०१९ मध्ये श्रीनगर-लेह वाहिनीने लडाख देशाच्या वीजजाळ्याशी जोडले गेले. परंतु विजेवर खोली तापविणे ही स्वस्त गोष्ट नव्हे. दोन किलोवॉटचे एक उपकरण दिवसाकाठी आठ तास चालविले, तर १६ युनिट आणि महिन्याला ४८० युनिट वीज जळते. आणि तीही एकाच खोलीसाठी. भोके पडलेल्या रांजणात पाणी ओतत राहावे, तसा हा प्रकार होतो. पाणी महाग झाले अशी तक्रार करण्याआधी रांजणाची भोके बुजविली पाहिजेत.

सूर्याची चाल आणि घराचे तोंड

लडाखमध्ये जळण नाही, पण ऊन आहे. वर्षातील तीनशेच्या आसपास दिवस आकाश निरभ्र असते आणि हवा विरळ असल्याने ऊन प्रखर पडते. या उन्हाला घरात बोलावून घ्यावयाचे आणि रात्री बाहेर जाऊ द्यावयाचे नाही, एवढेच सौर घराचे सूत्र आहे. त्याला यंत्र लागत नाही, मोटार लागत नाही.

पहिली गोष्ट दिशेची. लेह ३४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात तेथे मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून साडेबत्तीस अंशांवरच असतो; जूनमध्ये तो ७९ अंशांपर्यंत, म्हणजे जवळजवळ डोक्यावर येतो. घराची लांब बाजू दक्षिणेला ठेवली आणि तिला मोठ्या, दुहेरी काचेच्या खिडक्या दिल्या, तर हिवाळ्यातील तिरपे ऊन थेट खोलीत शिरते. उन्हाळ्यातील उभे ऊन मात्र वळचणीवरच अडते. उत्तरेच्या बाजूला खिडक्या कमीत कमी ठेवावयाच्या.

दुसरी गोष्ट भिंतीची. दक्षिणेकडील जाड भिंतीला बाहेरून काळा रंग द्यावयाचा आणि तिच्यापुढे थोडे अंतर सोडून काच बसवावयाची. काळी भिंत दिवसभर ऊन पिते. काच ती उष्णता बाहेर निसटू देत नाही. भिंत जाड असल्याने उष्णता आतल्या अंगाला पोहोचण्यास कित्येक तास लागतात, आणि ज्या वेळी कुटुंब जेवून अंथरुणाला पाठ टेकते, त्याच वेळी भिंत ऊब देऊ लागते. या कल्पनेचे एकस्व अमेरिकेत एडवर्ड मोर्स यांनी १८८१ मध्ये घेतले होते. फ्रान्समध्ये फेलिक्स त्रोंब आणि वास्तुशिल्पी झाक मिशेल यांनी १९६७ मध्ये ओदेइलो येथे तिचा वापर केला, म्हणून तिला त्रोंब भिंत म्हणतात. भिंतीला वर-खाली झरोके ठेवल्यास गरम हवा दिवसाही खोलीत येते. मात्र रात्री ते बंद करावयाचे विसरले, तर हवेचा ओघ उलटा होऊन खोली थंड पडते.

तिसरी पद्धत सर्वांत साधी. घराच्या दक्षिण अंगाला लाकडी सांगाडा उभारून त्यावर हिवाळ्यापुरता जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा पडदा ताणावयाचा. या ओसरीत दुपारी म्हातारीकोतारी माणसे बसतात, मुले अभ्यास करतात, कुंड्यांत भाजीही येते. उन्हाळ्यात पडदा गुंडाळून ठेवता येतो.

चौथी गोष्ट पांघरुणाची. भिंत दुहेरी करून मधल्या पोकळीत गवताचा भुसा किंवा लाकडाचा भुगा भरणे, छतावर आणि जमिनीखालीही तसाच थर देणे, दाराखिडक्यांच्या फटी बुजविणे, सूर्यास्त होताच खिडक्यांवर जाड पडदे ओढणे. या कामात डोळ्यांत भरण्यासारखे काही नाही. पण हे केले नाही, तर वरच्या तिन्ही उपायांची कमाई रात्री वाया जाते.

अनुभव आणि मर्यादा

लडाखमध्ये या दिशेने प्रयत्न १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या लडाख पर्यावरणीय विकास गटाने त्रोंब भिंतींचा प्रसार केला. ‘जेरेस’ या फ्रेंच संस्थेने स्थानिक संस्थांच्या साहाय्याने गवंडी आणि सुतार यांना प्रशिक्षण देऊन शेकडो घरांत हे उपाय पोहोचविले. हिवाळ्यात भाजी पिकविणाऱ्या सौर हरितगृहांसाठी तिला २००९ मध्ये ब्रिटनमधील ॲशडेन पुरस्कार मिळाला. अशा घरांत जळण पुष्कळच कमी लागते, बुखारी थोडा वेळच पेटवावी लागते आणि खोलीत ठेवलेले पाणी गोठत नाही, हा तेथील अनुभव आहे.

परंतु प्रत्येक घराला हा उपाय लागू पडत नाही. दक्षिणेला डोंगर किंवा शेजाऱ्याची इमारत असेल, तर भिंत कितीही काळी केली तरी उपयोग नाही. सुरुवातीचा खर्च एकदम करावा लागतो आणि बचत हळूहळू पदरी पडते. हातावर पोट असलेल्या कुटुंबाला तेवढे थांबणे परवडत नाही. म्हणूनच शासनाच्या आणि संस्थांच्या साहाय्याचे येथे मोल आहे. जळणावरील सवलत दरवर्षी जळून जाते. भिंतीवर केलेला खर्च मात्र भिंत उभी असेपर्यंत उपयोगी पडतो. गरिबाची आजची थंडी निवारण्यासाठी सवलतही हवीच. पण ती एकमेव उपाय होता कामा नये.

आपल्यासाठी काय?

लडाखची त्रोंब भिंत महाराष्ट्रात उभारावयाची नाही. आपल्याकडे उन्हाळ्याचा ताप हाच मोठा प्रश्न आहे. तथापि त्यामागील विचार आपल्यालाही लागू पडतो. जळण विकत घेण्यापूर्वी घराची दिशा, भिंत आणि छत यांचा विचार करावा, हा तो विचार. घरकुलाचा पाया आखताना सूर्य कोठून उगवतो आणि कोठे मावळतो, एवढे पाहिले तरी त्यासाठी वेगळा पैसा लागत नाही. आंघोळीचे पाणी तापविण्यासाठी बंबात घातले जाणारे लाकूड हाही हिवाळ्यातील इंधनखर्चच होय; आश्रमशाळा आणि वसतिगृहे यांच्या छपरावरील सौर बंब तो वाचवू शकतो.

आणखी एक गोष्ट प्रत्येक सरपंचाने आणि शिक्षकाने आवर्जून सांगितली पाहिजे. थंडीच्या रात्री दारे-खिडक्या बंद करून कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्यांची पाटी जवळ ठेवून झोपण्याची सवय आपल्याकडेही आहे. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही; झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधीही देत नाही. शेक घ्यावा तो जागेपणी, हवा खेळती ठेवून. आणि झोपण्यापूर्वी शेगडी घराबाहेर न्यावी. गाडीत, तंबूत किंवा उसाच्या फडाजवळील कोपीत राहणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे. शाळेच्या परिपाठात दोन मिनिटे सांगितलेली ही गोष्ट एखाद्या घरातील सगळी माणसे वाचवू शकेल.

निसर्गाने लडाखला जळण दिले नाही, ऊन दिले. जे नाही त्यासाठी दूरवर हात पसरण्याआधी, जे आहे ते तेथील अनेक कुटुंबांनी घरात साठवावयास शिकून घेतले. आपल्या गावाजवळ काय आहे आणि त्यातील किती रोज वाया जाते, याची मोजदाद येत्या ग्रामसभेत झाली, तर लडाखच्या या कहाणीचे सार्थक होईल.